अबोल्यावर जगलेले लावे

माझी आई आणि माझी थोरली आई एकमेकींचा जसा द्वेष करायच्या, तसा द्वेष मी पुन्हा कुठं पाहिला नाही. आणि मी गेली कित्येक वर्षं पुण्यात एका हाउसिंग सोसायटीच्या कमिटीवर आहे, तेव्हा या विषयात माझा शब्द मानायला हरकत नसावी. थोरली आई म्हणजे माझ्या चुलत्यांची, आबांची, बायको. आमच्याकडे थोरल्या चुलतीला थोरली आईच म्हणतात; ती तुम्हाला बघून थुंकली तरी म्हणावंच लागतं. विट्याच्या पुढं, आटपाडीच्या वाटेला आमचं गाव. तिकडची पुरुषमाणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली, त्यामुळं घरात पुरुष म्हणजे भिंतीवरचा फोटो आणि आठवड्याचा फोन. माझे दादा आणि आबा हे दोघे सख्खे भाऊ कोईमतूरला एकाच दुकानात भट्टी चालवायचे. तिथं त्यांचं काहीतरी बिनसलं. काय बिनसलं ते आजतागायत कुणी मला सांगितलेलं नाही. दादांचा फोन आला, ‘आजपासनं त्यांच्याशी बोलायचं न्हाई,’ आणि ठेवला. महिन्याभरात तिकडं दोघे भाऊ पुन्हा एका ताटात जेवायला लागले, पण ते कळवणारा फोन काही आला नाही. तोवर इकडं दोन्ही जावांनी भांडण स्वतःच्या हातात घेतलं होतं, आणि बायकांच्या हातात आल्यावर त्या भांडणाला जी कळा आली, ती दोन भावांच्या आवाक्यातलीच नव्हती.

दोन घरांच्या मध्ये एक दगडी भिंत होती, छातीएवढी. थेट बोलणं बंद, म्हणून दोघी आपापल्या म्हशीशी बोलायच्या. सकाळी धार काढताना आई आमच्या म्हशीला म्हणायची, “खा बाई, खा. काई जणींगत भिताडावरनं दुसऱ्याच्या ताटात बघू नगंस.” पलीकडून थोरली आई तिच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, “तू हायेस म्हनून दूध तरी हाय गं. न्हाईतर काई घरात निस्तं पानीच.” म्हशी बिचाऱ्या रवंथ करत ऐकायच्या. मी चुलीपुढं बसून भाकरीचा पापुद्रा शेंगदाण्याच्या चटणीत बुडवत हे सगळं कानात साठवायची. मी तेव्हा बारावीला होते आणि मला नाटकात जायचं होतं. नाट्यशिक्षण जे काही झालं ते या भिंतीपाशी, फुकट आणि रोज दोन खेळ.

लावे आईनं आणले. लावा म्हणजे मुठीत मावणारा, तपकिरी ठिपक्यांचा, गोल गरगरीत पक्षी. रानात असतो तो वेगळा. हा जपानी जातीचा, पिंजऱ्यात आणि शेडात वाढणारा. आईनं मिरजेहून पिलं आणली, मागच्या परड्यात पत्र्याचं शेड घातलं, खाली शेंगांची टरफलं अंथरली आणि पाच-सहा आठवड्यांत हायवेच्या धाब्यांना पक्षी आणि अंडी द्यायला लागली. मला अजून त्या शेडाचा आवाज झोपेत ऐकू येतो. नर लावा ओरडतो तेव्हा कुणीतरी गंजलेल्या कडीचं दार तीनदा ओढावं तसा आवाज होतो. अशी शेकडो दारं पहाटेपासून आमच्या परड्यात वाजायची. अंडी ठिपक्याठिपक्यांची, बोराहून थोडी मोठी. फुटकी निघायची ती आमच्या कालवणात, कांदा-लसणाच्या तिखटात, वर गरम ज्वारीची भाकरी. आज मुलं मला हॉटेलात तीच अंडी टोमॅटोच्या फुलावर ठेवून खायला लावतात आणि वर विचारतात, आवडलं का. मी हो म्हणते. खोटं बोलायला मला कधीच जड गेलं नाही, हे पुढं दिसेलच.

तर आईचं शेड चाललं, आणि चालल्यावर अख्ख्या भावकीनं लावे आणले. पहिलं शेड अर्थात थोरल्या आईचं, भिंतीच्या पलीकडं, आमच्यापेक्षा दोन पत्रे जास्त लांब. दादांनी फोनवर आईला सांगितलं होतं, “लावं जगलं तर पोरीला पुढं शिकू दे. न्हाई जमलं तर मामाकडलं स्थळ हाय.” मामाकडलं स्थळ मी पाहिलं होतं. तो माणूस बोलताना कानातली काडी काढायचा नाही. त्यामुळं आमच्या परड्यातल्या एकेका लाव्याकडं मी ज्या मायेनं बघायची, तशी माया मी नंतर नवऱ्यालाही दिली नाही.

रोग थोरल्या आईच्या शेडात आला. आधी चांगले वजनदार पक्षीच मरायला लागले, गळ्यातली थैली दाण्यानं भरलेली, संध्याकाळी खाल्लं आणि सकाळी आडवे. मग बाकीचे पिसं फुगवून, मान आत ओढून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसायला लागले, आणि त्यांची विष्ठा पांढरी, पाण्यासारखी झाली. विट्याहून सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. पोरगेलेसे होते, पण हात तयार होता. त्यांनी तिथंच पाटीवर एक पक्षी फाडला आणि आतड्यावरचे डाळीएवढे पिवळे व्रण दाखवले. म्हणाले, हा लाव्यांचाच म्हणावा असा रोग आहे, जंतूंचा. जंतू विष्ठेतून पडतात, खालच्या टरफलांत राहतात, आणि लवकर मरत नाहीत. टरफलं जाळा, जमिनीला चुना मारा, पाण्यातून औषध द्या, आणि मुख्य म्हणजे एकाच्या शेडातलं माणूस दुसऱ्याच्या शेडात जाऊ देऊ नका, चपलेला लागून रोग जातो. हे सगळं मी भिंतीला कान लावून ऐकलं. थोरल्या आईनं डॉक्टरांना चहा दिला, औषध ठेवून घेतलं, आणि बाकीचं सोडून दिलं. टरफलं जाळायची म्हणजे शेड उघडं पडलेलं गावाला दिसणार. ते तिला मरणाहून वाईट.

आणि माणसं येऊ द्यायची नाहीत? आमच्या भावकीत? अहो, आमच्याकडं कुणाची कोंबडी आजारी पडली तरी ‘बघाय’ जातात. कुणाचं काही वाईट झालं आणि तुम्ही दोन दिवसांत उंबऱ्यात उभे राहिला नाहीत, तर पुढच्या पिढीपर्यंत ते ऐकवलं जातं. त्यात नुसतं दारात उभं राहून चालत नाही. आत जायचं, मेलेलं हातात घ्यायचं, उलटं करून बघायचं, च्च् च्च् म्हणायचं, आणि मग घरी. थोरल्या आईकडं सगळी भावकी बघाय आली. प्रत्येकीनं मेलेला लावा उलटा केला, शेडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टरफलं तुडवली, डोळ्याला पदर लावला. आणि तिथून जी ती तडक स्वतःच्या शेडात गेली, आपले बरे आहेत ना हे बघायला, त्याच चपलांनी. मग त्यांचे मरायला लागले. मग त्यांच्याकडं बाकीच्या बघाय गेल्या. आठवडा-दीड आठवड्यात गल्लीतलं एकेक शेड गप्प झालं.

आमचं सोडून. आमच्याकडं कुणी आलं नाही आणि आम्ही कुणाकडं गेलो नाही, कारण आमच्याशी थोरल्या आईचा अबोला आणि थोरल्या आईला भिऊन भावकीचाही. आईनं भिंतीपलीकडचं डॉक्टरांचं बोलणं मात्र माझ्याकडून अक्षरशः वदवून घेतलं, मी त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं, आणि तिनं तसं तसं केलं. मला एसटीनं विट्याला धाडून दवाखान्यातून पाय बुडवायला जांभळं औषध आणवलं, शेडाच्या दारात चुना टाकला, वेगळ्या चपला ठेवल्या. पहाटे सगळी गल्ली मुकी, आणि एकट्या आमच्या परड्यात ती गंजकी दारं वाजतायत, असा देखावा झाला. तुम्हीच सांगा, शेजाऱ्यांना काय वाटेल? मलाही तेच वाटलं असतं. बोभाटा झाला की आईनं करणी केली. शेडात लिंबू बांधलंय. बाहुली पुरलीय. सुईनं टोचलेली.

निकालाची बातमी आम्हाला रीतसर थोरल्या आईच्या म्हशीमार्फत मिळाली. “ऐकलंस का गं,” ती म्हशीला म्हणाली, भिंतीपलीकडं नीट पोचेल इतक्या आवाजात, “उद्या सकाळी नाना समद्यास्नी घिऊन शेडात जानार हायती. कोपरा न् कोपरा उकरनार. बाहुली घावली की मग बघ तमाशा.” नाना म्हणजे भावकीतले सगळ्यात जुने, लष्करातून आलेले; कुणाची शेळी कुणाच्या रानात गेली तरी निवाडा त्यांचा. आईच्या हातातली चरवी थांबली. बाहुलीचं तिला काही नव्हतं. पंधरा-वीस माणसं, मेलेल्या शेडांतून आलेली, तेच पाय घेऊन आमच्या टरफलांत शिरणार आणि कोपरा न् कोपरा उकरणार, म्हणजे चार दिवसांत आमचेही लावे माना टाकणार. दार अडवून उभी राहिली असती तर करणी केल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि त्यांनी पत्रा उचकटला असता. आईनं धार अर्धीच सोडली. घरात आली आणि भिंतीला टेकून बसली. मी तिला तशी बसलेली कधी पाहिली नव्हती.

“आई,” मी म्हणाले, “मला देवी आल्या तर?”

तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं, ते मी आयुष्यात मिळवलेलं सगळ्यात मोठं कौतुक आहे. तिकडं कांजिण्या आल्या की घरात देवी आली म्हणतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा. फोडणी बंद, तळण बंद, मोठ्यानं बोलणं बंद. डहाळा दिसला की बाहेरचा माणूस उंबरा ओलांडत नाही. जुन्या लोकांनी का लावून दिलं असेल ते लावून दिलं असेल, पण नाना रणगाडा घेऊन आले असते तरी त्या डहाळ्यापाशी थांबले असते. आणि आमच्या परड्यात जायची वाट सोप्यातूनच, म्हणजे पुढच्या खोलीतूनच, होती.

सकाळी उजाडायच्या आत आईनं दाराला डहाळा बांधला, सोप्यात शेडाच्या वाटेवर आडवी बाज टाकली, वर पाला पसरला आणि मला झोपवलं. खोबरेलात कुंकू कालवून काडीनं माझ्या तोंडावर, गळ्यावर, हातांवर पुरळ काढलं. हात नाजूक होता तिचा. “नाकावर नगं,” मी म्हणाले, “नाकावर खोटं दिसतं.” “गप,” ती म्हणाली, “देवी बोलत न्हाई.”

ते आले. चपलांचा आवाज दाराशी येऊन थांबला. मी डोळे मिटून इतकं सुंदर कण्हले की माझं मलाच भरून आलं.

“काय गं हे?” नानांचा आवाज.

“पोरीला देवी आल्यात, नाना,” आई उंबऱ्यातून म्हणाली. “अंग भाजतंय. या की आत, बघा.”

या की आत! मी आतल्या आत टाळी वाजवली. बाहेर पावलं मागं सरली. कुणीतरी आपल्या पोराला खेचून घेतलं. मागून सुरेखावहिनी, आमच्या गल्लीतलं बिनतारी आकाशवाणी केंद्र, म्हणाली, “बरोबर आजच बऱ्या आल्या?”

“व्हय की,” आणखी कुणीतरी म्हणालं. “काल तर पोरगी सायकलवर हुती.”

“देवी काय पंचांग बघून येती व्हय?” आई कडाडली. “तुला इच्यारून मेली का तुजी पाखरं?”

“म्हंजी केलीसच नव्हं करनी!”

“जीभ झडंल तुजी!”

“आरं, गप ऱ्हावा!” नाना म्हणाले. पण ते हटेनात. काहीतरी शिजतंय हे त्यांच्या नाकाला कळलं होतं. मग मला तो आवाज ऐकू आला जो मी कुठंही ओळखला असता. थोरली आई. “सरा बाजूला,” ती म्हणाली. “देवीला दहीभात घालायचा मान थोरल्या जावंचा. मी बघून येतो. खरी असंल तर परतू. न्हाई तर…” पुढचं ती बोललीच नाही. मी सांगते, मोठ्या नटीची ही खूण आहे.

मान तिचाच होता. आईला अडवता येईना. तिनं फक्त उंबऱ्याशी घमेलं पुढं सरकवलं. “पाय धू. देवीजवळ जायाचं हाय.” दीड वर्षात थेट बोललेलं पहिलं वाक्य.

“पानी जांभळं कशानं हे?”

“देवीचं हाय.”

थोरल्या आईनं चपला बाहेर काढल्या, त्या पाण्यात दोन्ही पाय घोट्यापर्यंत धुतले, हात धुतले, आणि दहीभाताची वाटी घेऊन माझ्यावर वाकली. पत्र्याखाली उकडत होतं. माझ्या कपाळावरून काहीतरी ओघळून कानात चाललं होतं आणि तो घाम असावा अशी मी देवीचीच प्रार्थना करत होते. तिचा श्वास माझ्या तोंडावर आला, हुलग्याच्या माडग्याचा वास. तिनं अंगठा जिभेला लावला आणि माझ्या गालावरचा एक फोड पुसून टाकला. सगळा. मग अंगठ्याचा वास घेतला.

मी एक डोळा उघडला. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती आईकडं बघत होती, आणि आई तिच्याकडं. शेडातून लावे ओरडत होते. बाहेर सगळी भावकी श्वास रोखून उभी. कॉलेज, नाटक, कानातली काडी, सगळं त्या ओल्या अंगठ्यावर येऊन थांबलं होतं.

“उबवायची अंडी,” थोरली आई ओठ न हलवता म्हणाली. “टोपलं भरून. निरोगी.”

“मर,” आई म्हणाली.

थोरल्या आईनं दाराकडं तोंड फिरवलं आणि छाती भरून घेतली.

“देतो,” आई घाईनं कुजबुजली. “पर तुज्या शेडातली टरफलं जाळल्याबिगर न्हाई. डॉक्टर म्हनलाय तसं. चुना मारायचा. म्हैनाभर शेड मोकळं ठेवायचं. नुस्त्या तुज्याच न्हवं, समद्यांच्या. न्हाईतर तुजी बी मरतील आन् माजी बी. मग कुनाच्या करनीनं मेली म्हनशील?”

थोरल्या आईनं टरफलं जाळायची म्हणजे गावापुढं मान खाली. हे तिला कसं गिळता येईल ते मला कळेना. पण मग ती ताठ झाली, पदर सोडला, केसांचा अंबाडा एका झटक्यात मोकळा केला आणि दारात जाऊन उभी राहिली. आणि जो काही आवाज तिनं लावला! मी नंतर शहरातली नाटकं पाहिली, तालमी पाहिल्या. तसला आवाज नाही.

“देवी बोलली!” ती म्हणाली. “माज्या कानात बोलली! शेडाशेडातली टरफलं जाळा म्हनती. समदी. आजच्या आज. चुना मारा. म्हैनाभर कोन कुनाच्या शेडात पाय घालायचा न्हाई, बघाय सुदीक जायाचं न्हाई. जो जाईल त्याच्या घरात मी येईन म्हनती!”

नाना पहिले गुडघ्यावर गेले. डॉक्टर दोन वेळा येऊन जे घसा बसेपर्यंत सांगून गेले होते, ते गल्लीनं दुपारच्या आत केलं. शेडाशेडापुढं टरफलांचे ढीग पेटले, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झाले, आणि सगळ्यात मोठा ढीग थोरल्या आईचा, कारण देवीनं आधी तिला सांगितलं होतं ना. बायका तिच्या पाया पडत होत्या. आई सोप्यात उभी राहून दात चावत होती. “माजं वाक्य,” ती म्हणाली. “टरफलांचं माजं वाक्य हुतं. हिनं खाल्लं.” मी पाल्यावर उठून बसले तर तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. “निज. देवी निवायला आठवडा लागतो.”

आठवडा मी त्या बाजेवर बिनफोडणीचं वरण खात काढला. लावे जगले. मामाकडलं स्थळ दुसरीकडं गेलं, आणि मी सांगलीच्या कॉलेजात नाव घातलं. डॉक्टर पुढं एकदा येऊन गेले तेव्हा जळालेल्या टरफलांची राख बघून इतके खूश झाले की नानांचा हात हातात घेऊन म्हणाले, “इतकी शिस्तीची भावकी मी पाहिली नाही.” नाना म्हणाले, “आमी ऐकतो, सायेब. सांगनारा पायजे.”

महिना भरल्यावर आईनं शब्द पाळला. टोपल्यात टरफलं नव्हेत, स्वच्छ कापूस घालून अंडी रचली, वर फडकं बांधलं आणि ते माझ्या हातात दिलं. भिंतीवरून नाही, दारानं जायचं, पाय धुऊन, कुणाशी न बोलता ठेवून यायचं. थोरली आई ओसरीवर पाटा धूत होती. तिनं मला बसायला सांगितलं नाही. टोपलं पुढं ओढलं, फडकं सोडलं, आणि एकेक अंडं उचलून पाट्यावर बोटानं भोवऱ्यासारखं फिरवायला लागली. कच्चं अंडं डगमगतं, एक गिरकी घेऊन लोळतं. एक लोळलं, दुसरं लोळलं, ती बाजूला ठेवत गेली. मग एक फिरलं ते ताठ, सरसर, थांबेचना. तिनं ते वेगळं काढलं. त्याच्या शेजारी आणखी एक. मग आणखी. मला तोपर्यंत काही ठाऊक नव्हतं, शप्पथ. ठिपक्याठिपक्यांची ती ताठ अंडी एका ओळीत लागली तेव्हा थोरल्या आईनं त्यातलं एक पाट्याच्या कडेवर आपटलं, शांतपणे सोललं, तोंडात टाकलं आणि चावत चावत माझ्याकडं बघितलं.

“आयला सांग,” ती म्हणाली, “मीठ धाडायचं इसरली.”